पडद्याआधी पन्हळ: जुन्या चर्चच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातल्या जुन्या चर्चचे, मिशन-सभागृहांचे आणि तशाच दगडी वास्तूंचे विश्वस्त

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

उपासना दुसऱ्या इमारतीत गेलेली असते, मंडळी पांगलेली असतात आणि दगडी वास्तू वर्षातून दोनदा झाडण्यापुरती उघडते. मग एखाद्या बैठकीत ठराव येतो, ‘इथे सांस्कृतिक केंद्र करू’. ठराव उत्तमच असतो. घोटाळा पुढच्या महिन्यात होतो, रंगीत चित्र येते तेव्हा. त्यात फॉल्स सीलिंग असते, ग्रॅनाइटची फरशी, पुशबॅक खुर्च्या, सेंट्रल एसी आणि वेदीच्या जागी एलईडी वॉल. त्या चित्रावर सही होण्याआधी हे वाचावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. लिहिणारे आम्ही ध्वनी, प्रकाशयोजना, चुन्या-दगडाचे काम आणि जुने लाकूडकाम करणारे आहोत.

आधी एक खुलासा. सेंट मेरीज (१८२५) किंवा पंचहौदचे पवित्र नाम देवालय (१८८५) अशा नांदत्या चर्चविषयी आम्ही बोलत नाही. मात्र उपासना थांबवल्याशिवाय वास्तू लोकांसाठी उघडता येत नाही, असेही समजू नका. लंडनच्या इस्लिंग्टन भागातले युनियन चॅपल १८७७चे आहे. तिथे आजही प्रार्थना होते, त्याच दालनात संगीताचे कार्यक्रम होतात आणि त्याच आवारात बेघरांसाठी काम चालते.

आमचे म्हणणे एका वाक्यात: या वास्तूचे नाट्यगृह करू नका. तिच्याकडे आधीच जे आहे, म्हणजे उंच छताची, घुमणारी, जाड भिंतींची एक मोठी खोली, ते सांभाळा आणि त्या खोलीला झेपेल तेच तिच्याकडून मागा. विंगा, झालर आणि मोठा रंगमंच हवा असलेल्यांसाठी शहरात १९६८पासून बालगंधर्व आहे. दीडशे-दोनशे माणसांची, सकाळी अभ्यासिका आणि संध्याकाळी मैफल अशी दुहेरी चालणारी जागा मात्र शोधावी लागते.

बाहेरच्या देशांत ज्यांनी हे नीट केले त्यांचा एक नियम दिसतो: नवीन वस्तू जुन्या भिंतीवर लादायची नाही. लंडनचे सेंट ल्यूक्स १७३३चे. जमीन खचल्यामुळे ते १९५९मध्ये बंद झाले, छप्परही उतरवले गेले. पुढे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते घेतले आणि २००३मध्ये संगीतशिक्षणाचे केंद्र म्हणून उघडले. नव्या छताचा भार तिथे आतल्या बाजूला झाडासारख्या फांद्या असलेल्या पोलादी खांबांवर घेतला आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त गावात तेराव्या शतकातल्या डॉमिनिकन चर्चमध्ये पुस्तकांचे दुकान आहे. तिथला पोलादी मजला आणि कपाटे आपल्या पायांवर उभी आहेत. उद्या दुकान हलले तर नटबोल्ट काढायचे आणि चर्च होते तसे मोकळे.

आता आपल्याकडचे. खर्चाची पहिली रक्कम छपरावर जाऊ द्या, कारण पुण्यातल्या जुन्या इमारती पाण्याने मरतात. हिशेब सोपा आहे. छपराची आडवी व्याप्ती ३०० चौरस मीटर धरा. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे वर्षभरात त्या छपरावरून दोन लाख लिटरहून जास्त पाणी उतरते. धो-धो, तासाला ५० मिलिमीटर आला तर एका तासात १५,००० लिटर. हे सगळे पन्हळीतून जायचे असते आणि पन्हळीत कडुनिंबाचा पाला, कबुतरांची घरटी, मागच्या कामगारांनी टाकलेला कौलांचा चुरा. पन्हळ तुंबली की पाणी मागे, भिंतीच्या माथ्यावर सांडते. तिथे नेमके कैचीचे, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटीचे, टोक टेकलेले असते.

म्हणून तपासणी तिथून करा, खालून दुर्बिणीने नको. परांची बांधा, सुताराला वर पाठवा आणि प्रत्येक कैचीचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथे टोच्या मारून पाहा. जुना, निरोगी साग टोच्याला दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ देत नाही आणि हाताला झटका बसतो. कुजलेले लाकूड इंचभर टोच्या आवाज न करता गिळते. वरचा रंग शाबूत असतो, म्हणून नुसत्या डोळ्यांना फसवते. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून वर गेलेल्या दिसल्या तर ती वाळवीची वाट. अशा वेळी संपूर्ण कैची बदलायला सांगणारा कंत्राटदार भेटेलच. कुजलेला तेवढा भाग कापून, जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या जोडाने बसवून काम होते, असे सांगणारा सुतार शोधा. टोक पुन्हा भिंतीत घालताना भोवती बोटभर हवा खेळती ठेवा. सिमेंटने लिंपले तर दहा वर्षांनी तेच दुखणे.

पन्हळीचे उभे पाइप चार इंची असतील तर सहा इंची करा, तोंडाला जाळी बसवा आणि जाळीपर्यंत पोचायला कायमची शिडी ठेवा. शिडी नसली की जाळी साफ होत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. पाइपचे खालचे तोंड जोत्यापासून निदान दीड मीटर लांब, उतारावर. माथ्यावर पिंपळ उगवला असेल तर ओढून उपटू नका. मूळ दगड घेऊनच बाहेर येते. बुंधा कापा, कापल्या जागी लगेच तणनाशक लावा, मूळ मेल्यावरच दगड उतरवून पुन्हा बसवा.

भिंतीचे दुखणे बहुधा आधीच्या दुरुस्तीतून आलेले असते. काळ्या घडीव दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, मुळात चुन्याच्या होत्या. दगड घट्ट, त्यामुळे भिंतीतली ओल सगळी चुन्याच्या दरजांतून श्वासासारखी बाहेर पडायची. मग कुणीतरी त्या सिमेंटने भरल्या, वर ठसठशीत पट्टी ओढली आणि पांढरा रंग दिला. ओलीला बाहेरची वाट बंद झाली, ती आत वळली. आतल्या गिलाव्याला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला. गिलावा फुगला म्हणून त्यावर ऑइलपेंट, ऑइलपेंटही पापुद्र्याने सुटला म्हणून त्यावर पीव्हीसीचे पॅनेल. पॅनेलमागे आता काय चालले आहे ते कुणालाच दिसत नाही. उलट्या क्रमाने जायचे. पॅनेल काढा, ऑइलपेंट खरवडा, सिमेंटच्या दरजा छिन्नी-हातोडीने मोकळ्या करा. ग्राइंडर लावू देऊ नका. चाक दगडाच्या कडा खाते आणि अरुंद दरज कायमची रुंद होते. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी झाली की पुरे.

चुना महिनाभर तरी पाण्यात मुरलेला हवा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग चाळलेली वाळू, हे मिश्रण बाहेरच्या दरजांना चालते. गूळ-हिरड्याचे पाणी घालणारे जुने गवंडी अजून भेटतात. घालू द्या, पण गुळाचा हात आवरता, कारण साखर जास्त झाली की चुना घट्ट व्हायला रेंगाळतो. भरलेल्या दरजेवर ओले गोणपाट किमान दहा दिवस. एप्रिल-मे महिन्यात हे काम काढलेत तर चुना पकडण्याआधी वाळतो आणि बोटाने खरवडला तरी पीठ पडते. दिवाळी ते शिमगा हा चुन्याचा हंगाम. पावसाळ्यापूर्वी उरकून टाका म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

आता आवाज. इथे जरा थांबावे लागेल, कारण वास्तूचे नशीब इथेच ठरते.

दालनाच्या मधोमध उभे राहा, एकच टाळी वाजवा, आवाज पूर्ण विरेपर्यंत मोजा. अधिक नीट हवे तर मोठा फुगा फोडा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. २४ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी १० मीटर उंच दालन धरू: २,४०० घनमीटर. रिव्हर्बचा, म्हणजे आवाज विरायला लागणाऱ्या वेळाचा, साधा हिशेब असा की घनफळाला ०.१६१ने गुणायचे आणि दालनात आवाज शोषणारे जे काही आहे त्याने भागायचे. दगड, गिलावा, फरशी जवळजवळ काहीच शोषत नाहीत. लाकडी छत थोडे, उघड्या खिडक्या थोडे, बाके थोडे. सगळे मिळून शोषणाचे ८० एकक (एक एकक म्हणजे आवाज पूर्ण शोषणारा एक चौरस मीटर) धरले तर रिव्हर्ब पावणेपाच सेकंदांच्या वर. दोनशे माणसे बसली की प्रत्येकी अर्धे एकक, म्हणजे आणखी १००. रिव्हर्ब दोन सेकंदांच्या थोडा वर येतो. भिंतीलगत चुण्या पाडून १२० चौरस मीटर जाड मखमली पडदा सोडला की दीडच्या आसपास.

याचा अर्थ काय? संवादांच्या नाटकाला एक सेकंदाच्या आसपास लागतो. तिथपर्यंत आणायचे तर सगळी भिंत आणि छत मऊ करावे लागेल, म्हणजे वास्तू झाकून टाकावी लागेल. तेवढ्यासाठीच फॉल्स सीलिंगचा प्रस्ताव येतो, आणि तो मान्य झाला की कैच्यांचे टोक पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाही. त्यापेक्षा प्रामाणिकपणे ठरवा की इथे दीड-दोन सेकंदांना शोभणारे कार्यक्रम होतील. तानपुऱ्यासाठी आणि विलंबित ख्यालासाठी ही खोली वरदान आहे. स्वर सोडला तरी तो क्षणभर हवेत राहतो. कोरस, बासरी, सरोद, व्हायोलिन उत्तम. तबल्याच्या द्रुत लयीत मात्र ‘तिरकिट’चे चार बोल एकमेकांत मिसळून नुसती सरसर ऐकू येते. झांजा आणि संबळ तर कान फोडतात. ढोल-ताशा पथकाची तालीम आत घेऊ द्यायची नाही. त्यांना नदीकाठ आहेच. नाटक घ्यायचेच तर अभिवाचन, एकपात्री, प्रेक्षकांपासून पाच-सहा मीटरच्या आत बसून केलेले.

ध्वनिक्षेपक हा पुढचा घोटाळा. मंचाच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकर आणि आवाज मोठा, ही मंगल कार्यालयाची पद्धत. घुमणाऱ्या दालनात आवाज मोठा केला की घुमणेही तेवढेच मोठे होते, शब्द तितकाच अस्पष्ट राहतो. इथे बारीक, उभे कॉलम स्पीकर लावायचे, कानाच्या उंचीला, प्रेक्षकांकडे वळवून, भिंतीकडे आणि छताकडे कमीत कमी आवाज जाईल असे. मागच्या रांगांसाठी बारा मीटरवर दुसरी जोडी, तिला ३५ मिलिसेकंदांचा उशीर. आवाज सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास जातो, म्हणून हा आकडा. उशीर दिला नाही तर मागे बसलेल्याला शब्द एकमेकांवर चढलेले ऐकू येतात. आणि साउंड चेक रिकाम्या दालनात केलेला धरायचा नाही. प्रेक्षक बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत पुन्हा हात फिरवायचा.

दिव्यांविषयी थोडक्यात. जुन्या कैच्यांना काहीही टांगू नका. एक मूव्हिंग हेड, म्हणजे यंत्राने वळणारा दिवा, वीस किलोच्या घरात जातो, बारा लावले की पाइप-केबल धरून तीनशे किलो. कैची कौलांसाठी उभी आहे, एका बिंदूवरच्या या ओझ्यासाठी नाही. जमिनीवर उभी राहणारी कमान वापरा, पायाखाली १८ मिलिमीटरचा प्लायवूड आणि त्याखाली रबर, म्हणजे जुन्या नक्षीच्या फरशीला तडा जाणार नाही. जुने एक किलोवॅटचे चोवीस पार दिवे म्हणजे २४ किलोवॅट. तेच एलईडीत पाच किलोवॅटच्या आत बसते आणि दालन तापतही नाही. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या, थ्री फेज घ्या, दिव्यांची आणि ध्वनीची फेज वेगळी ठेवा. स्पीकरमधून सतत ‘हुंऽऽ’ येत असेल तर बहुतेक वेळा अर्थिंग गंडलेले असते. प्रत्येक सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या. ओल धरणाऱ्या भिंतीत तो शोभेचा नाही. वायरिंग भिंतीत खाचा पाडून न्यायचे नाही. जोत्यालगत लाकडी पट्टीआडून न्या. स्मृतिशिलांच्या आसपास तर ड्रिलला बंदीच.

मंच आठ बाय चार फुटांच्या लेव्हलचा, म्हणजे जोडता येणाऱ्या सुट्या चौथऱ्यांचा, करा. बारा नग असले की २४ बाय १६ फुटांचा मंच होतो, दोन माणसे तासाभरात उचलून ठेवतात. उंची एक फूट पुरे. सपाट जमिनीवर मागच्यांना दिसत नाही, ही तक्रार येईल. उपाय घरचाच आहे: पुढच्या तीन रांगा गादी-सतरंजीवर, मग बुटक्या खुर्च्या, शेवटी चर्चची जुनी बाके. तीन उंच्या आपोआप मिळतात, गाद्या आवाजही शोषतात आणि बाके भंगारात जात नाहीत. पुशबॅक खुर्च्या जमिनीला ठोकल्या की त्याच दालनात दुपारी अभ्यासिका चालणार नाही. अभ्यासिका चालवायचीच, एमपीएससीची मुले बसायला जागा शोधत फिरतात. फक्त प्रत्येक खुर्चीच्या चारही पायांना रबरी टोप्या घाला. घुमणाऱ्या दालनात एक खुर्ची सरकली की पन्नास जणांच्या माना वर होतात.

एसीचा मोह टाळा. दहा मीटर उंचीची हवा गार करायचे बिल दर महिन्याला येईल, शिवाय खिडक्या बंद केल्याने ओल आत कोंडेल. वरचे गवाक्ष उघडे करा, जाळ्या लावा, मोठ्या पात्याचे हळू फिरणारे पंखे बसवा. एप्रिल-मे महिन्यात दुपारचे कार्यक्रम घेऊ नका. अडचण अशी की उघड्या खिडक्यांतून रिक्षा आत ऐकू येतात आणि गाणे बाहेर. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. शाळा-रुग्णालयापासून शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असेल तर ५० आणि ४०. म्हणून साडेनऊचा प्रयोग ही पुणेरी सवय इथे चालणार नाही. साडेसहाला सुरू, नऊला शेवटची भैरवी. आवारात मोठे फ्लडलाइट लावण्यापूर्वी मनोऱ्यावर आग्या मोहोळ आहे का तेही पाहा.

दारे. चर्चची मोठी दारे पुष्कळदा आत उघडतात. धक्काबुक्कीत आत उघडणारे दार म्हणजे बंद दार. दारे बदलण्याची गरज नाही. कार्यक्रमभर ती पूर्ण उघडून भिंतीला आकड्याने अडकवायची, हा नियम लिहून ठेवा आणि एका माणसाच्या नावावर करा. विरुद्ध दिशेला दुसरे दार हवेच, आणि त्यापुढे खुर्च्यांची थप्पी नको. अग्निशमन यंत्रणा बसवली की वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे लागते. विसरू नका.

कागदपत्रांत आधी धर्मप्रांताच्या बिशपांचे पत्र. कॅथलिक चर्च असेल तर त्यांच्या कायद्यानुसार वास्तू लौकिक वापराला देता येते, मात्र तो वापर अशोभनीय नसावा. ही अट आम्हाला फार शहाणी वाटते. मग धर्मादाय आयुक्त: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६प्रमाणे इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तर पूर्वपरवानगी लागते. एखादी इव्हेंट कंपनी दहा वर्षांचा करार पुढे करील तेव्हा हे आठवा. वारसा यादीत वास्तूची श्रेणी पाहा. श्रेणी १ असेल तर आतल्या कामालाही वारसा समितीची संमती घ्या. छावणीच्या हद्दीत जमीन ‘ओल्ड ग्रँट’ची (जमीन सरकारची, फक्त इमारत तुमची) असू शकते, वापर बदलण्याआधी ते तपासा. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र निर्मात्याने आणायचे, ते पाहिल्याशिवाय तारीख द्यायची नाही.

लग्नाला जागा द्यायची नाही, एवढे मात्र पहिल्याच नियमावलीत घाला. पैसा त्यात आहे, आम्हाला ठाऊक आहे. पण हळदीचा डाग जुन्या फरशीतून निघत नाही, फुलवाला भिंतीत खिळे मारतो, आचारी भट्टी वेदीलगतच्या खोलीत लावतो आणि डीजे विरोध करणाऱ्यालाच विचारतो की बेस वाढवू का.

स्वच्छतागृहे मूळ इमारतीला चिकटवू नका. आवारात निराळी, पुरेशी आणि पाण्याचा उतार जोत्यापासून दूर जाईल अशी बांधा. चहाची टपरीही बाहेरच. चर्चच्या आवारातल्या चहाला पुण्यात इतिहास आहे: १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळी जमली, चहा झाला आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभे राहिले. आज ग्रामण्याची भीती नाही, गॅसच्या टाकीची आहे.

क्रम असा ठेवा. या पावसाळ्यात काहीच बांधू नका. रोज पाऊस पडत असताना आत फिरून कुठे गळते ते खडूने भिंतीवर तारखेसह लिहा. त्या खुणांचे फोटो काढून परांचीचे आणि छपराचे काम दसऱ्यानंतर द्या. चुना दिवाळीपासून. वीज आणि दारे डिसेंबरात. फेब्रुवारीत बारा लेव्हल, उसन्या गाद्या आणि दोन कॉलम स्पीकर घेऊन एक बैठक करा, तिकीट न लावता, शेजाऱ्यांना बोलावून. त्या रात्री मागच्या बाकावर बसलेल्याला शब्द कळतात का ते विचारा, आणि उत्तर ऐकल्यावरच पडद्याचे माप घ्या.

कळावे.

आपले नम्र,
ध्वनी, प्रकाश, चुना-दगड आणि सुतारकाम करणारे काही जण
पुणे